फोन दुरुस्त झाला आहे

नौपाडा, ठाणे
रविवार, ११ जानेवारी

प्रिय संचिता,

सवयीने हात ‘चि. सौ.’ लिहायला गेला आणि तिथेच अडला. तो कागद फाडून हा दुसरा घेतला. पत्र कसलं लिहिताय अप्पा, फोन करायचा ना, असं तुझ्या मनात येईल. केला असता तर तू उचललाही असतास, तेवढं मी माझ्या सुनेला ओळखतो. ‘बोला अप्पा’ म्हणाली असतीस आणि तिथेच माझी वाचा बसली असती. पत्राचं बरं असतं, म्हातारा मध्येच रडला तर ऐकू जात नाही.

आधी घरचं सांगतो. कांताचा गुडघा थंडीने धरला आहे, पण जिना चढायचा हट्ट सुटत नाही. तुझा मनीप्लांट खिडकीच्या गजांतून बाहेर पडून शेजारच्या योगिनीताईंच्या दोरीवरच्या कपड्यांना जाऊन बिलगला. त्यांनी तक्रार केली, तेव्हा कांताने तो हाताने वळवून आत घेतला, पण कापू दिला नाही. दुपारी साडेतीनला ती स्वयंपाकघराचं दार लोटून तुझ्याशी फोनवर बोलते. तिला वाटतं नवऱ्याला पत्ता नाही. गेले अकरा महिने मी त्या वेळेला रेडिओचा आवाज थोडा वाढवतो. दुकान चालू आहे, म्हणजे शटर रोज वर जातं. घड्याळाचा सेल बदलायला दिवसाला चार-दोन माणसं येतात, तेवढंच.

आता मुद्द्याचं. सूरजचा फोन दुरुस्त झाला आहे. हे वाक्य लिहायची मी अकरा महिने वाट पाहिली आणि आता तेच लिहायला नको वाटतं आहे. का ते सांगेन, पण मला क्रमाने जाऊ दे. घड्याळ उघडतानाही मी आधी मागचं झाकण काढतो, एकदम काट्यांना हात घालत नाही.

पोलिसांनी फोन खाकी पाकिटात घालून दिला होता, तुला आठवत असेल. पुढच्या काचेचा चुरा, एक कोपरा आत दबलेला, पण पाठीवर ओरखडा नाही. ती तुझ्या कव्हरची करामत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तू त्याला ते जाडजूड रबरी कव्हर घातलंस, तेव्हा मी म्हणालो होतो की आमच्या सूरजला लहानपणी स्वेटर मिळाला नाही, पण त्याच्या मोबाइलला मिळाला. तू हसून म्हणालीस, ‘अप्पा, तुमचा मुलगा वस्तू पाडतो किती ते मला विचारा.’ पाकीट हातात आलं त्या दिवशी मी ते कव्हर काढलं. आत घडी घातलेला एक चिटोरा होता, अक्षर तुझं. दूध, कोथिंबीर, अप्पांच्या गोळ्या. तो मी तुला दाखवला नाही. तुझ्याबद्दल काही चांगलं वाटायला नको होतं मला तेव्हा.

दहाव्याचा दिवस तू विसरली नसशील. मी तर रोज तिथे जाऊन येतो. खाडीकाठच्या घाटावर पिंड ठेवून दीड तास झाला, ऊन चढलं, कावळे शेडच्या पत्र्यावर बसून नुसते बघत होते. मग नेहमीचं सुरू झालं. कांता म्हणाली, मी माझी औषधं वेळेवर घेईन रे. माझा भाचा बंटी म्हणाला, मामा-मामीला मी अंतर देणार नाही. तरी कावळा शिवेना. तेव्हा मी पुढे झालो. त्याआधीचे नऊ दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती. बाळकुमला ज्या रिक्षावाल्याने त्याला रस्त्यावरून उचललं तो म्हणाला होता, ‘काका, हेल्मेटात मोबाइल खोचलेला. वाळूवर गाडी सरकली ना, तेव्हा पण फोनवर होता तो.’ फोनवर होता, म्हणजे कोणाशी? तूच पहिल्या दिवशी रडत सांगितलंस की सव्वाअकराला तुझं त्याच्याशी बोलणं झालं. ‘पण अप्पा, तो गाडी बाजूला लावून बोलत होता,’ असंही तू म्हणालीस. ते मी कानाआड केलं. मला तुझं पहिलं वाक्य तेवढं हवं होतं. मी पिंडासमोर हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘सूरज, तुझा फोन मी माझ्या या हातांनी दुरुस्त करीन आणि शेवटचा फोन कोणाचा होता ते चारचौघांत दाखवीन.’ हात पिंडाला जोडलेले होते आणि डोळे तुझ्यावर होते.

एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती चालला, आणि परत पत्र्यावर जाऊन बसला. मग तू पुढे गेलीस. तुला कोणी सांगितलं नव्हतं. चपला काढल्यास, वाकलीस, ओठ हलले. तू चार पावलं मागे आली नसशील तोच कावळ्याने भात उचलला. सगळ्यांनी हुश्श केलं. आणि मी काय केलं? ‘बघा, कबुली दिली तेव्हा शिवला,’ असं म्हणालो. तुझा भाऊ पंढरी माझ्या अंगावर यायच्या बेतात होता. तू त्याचा दंड धरलास आणि एक शब्द बोलली नाहीस. तेराव्यापर्यंत घरात राहिलीस, पंगतीला वाढलंस, लॅबमधली नोकरी सोडल्याचं कांताला सांगितलंस आणि चौदाव्या दिवशी शहाडला माहेरी निघून गेलीस. मी दाराशीसुद्धा आलो नाही.

शब्द दिला होता, तो पाळायचा होता. नौपाड्यात दोन मोबाइलवाल्यांना फोन नुसता दाखवला. दोघांचं एकच, यात काही राम नाही काका, नवा घ्या. हे मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकत आलो आहे. वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन येतात आणि म्हणतात, आतलं मशीन काढून सेलवालं टाका. मी टाकत नाही. मशीन बदललं की ते वडिलांचं घड्याळ राहत नाही, नुसती डबी उरते. मग म्हटलं, ज्या हातांनी तांदळाच्या दाण्याएवढी चाकं बसवली त्या हातांना हे एवढं धूड काय जड? मे महिन्यात एका दुपारी दुकान अर्धं बंद केलं, डोळ्याला काच लावली आणि घड्याळाचं झाकण उचलतात तशी पातळ सुरी कडेला घालून फोनची पुढची बाजू उचलली. घड्याळाचं झाकण निघालं की निघालं, त्याचा आतल्या मशीनशी काही संबंध नसतो. फोनचा डिस्प्ले आतून एका पट्टीने जोडलेला असतो, कागदाहून पातळ, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नाही. चर्र झालं. पट्टी तर फाटलीच, वर बोर्डावरचं तिचं इवलंसं घर उपटून घेऊन आली. जे रस्त्यावर आपटून झालं नव्हतं ते मी केलं. तरी सुंभ जळला आणि पीळ राहिला. फोन एका रिकाम्या घड्याळाच्या डबीत घालून खणात सारला आणि कांताला म्हणालो, काम चालू आहे.

खरं म्हणजे फोन या वस्तूशी माझं कधी पटलंच नाही. माझ्याकडे तो बटणांचा आहे तोच. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा सूरजने त्यात एक सोय करून दिली, दोनचं बटण दाबून धरलं की थेट त्याला फोन लागायचा. ‘अप्पा, छातीत जरा जरी दुखलं तरी दोन दाबा, नंबर शोधत बसू नका.’ आणि मी तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचो. कामाला वाकलो की छाती टेबलाच्या कडेला टेकते, बटण दाबलं जातं, आणि त्याला फोन लागतो. किती वेळा झालं असेल! संध्याकाळी घरी आला की आधी त्यावरून माझी खेचायचा, ‘आज पुन्हा तुमच्या खिशाने फोन केला. दोन मिनिटं नुसती टिकटिक ऐकली. सतरा घड्याळं आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही.’ तू पोळ्या लाटता लाटता हसायचीस. मी म्हणायचो, मग कापून टाकायचा. त्यावर तो एकदा हसला नव्हता. म्हणाला, ‘कसा कापू? एखाद दिवशी खरंच तुम्हाला काही झालेलं असेल तर? टिकटिक ऐकू आली, मग तुमचं खोकणं ऐकू आलं, की ठेवतो.’ बटणांना लॉक लावा म्हणून तूही मागे लागली होतीस. मी म्हणालो, कुलूप दुकानाला आहे तेवढं पुरे. तो गेला त्या दिवसापासून मी तो फोन खिशात ठेवत नाही, खणात ठेवतो. का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे कुठेतरी ठाऊक असणार, नाही का?

दिवाळीनंतर कांता म्हणाली, काम चालू असलेली डबी मला जरा दाखवा. ती एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीला गेलो. पूर्वेला स्टेशनजवळ एका जिन्याखाली करिश्मा नावाची बाई बसते, बाकीच्यांनी नाही म्हटलेले फोन ती दुरुस्त करते असं ऐकलं होतं. तिने डबी उघडली, भिंगाखाली बघितलं आणि म्हणाली, ‘हा उघडला कोणी? ज्याने उघडला त्याला आधी दोन ठेवून द्या काका.’ मी म्हटलं, तो मीच. तिने मान वर केली. माझ्या डोळ्याभोवतीचा काचेचा वळ बघितला असणार. ‘घड्याळवाले काय? मग बसा,’ म्हणाली. मी तिचे हात बघत बसलो. हात मला कळतात. श्वास सोडतानासुद्धा बोटं हलत नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मला ‘माझ्या या हातांनी’ हा शब्द मोडल्याचं दुःख झालं नाही. तिने बोर्डावर नवं घर बसवलं, नवा डिस्प्ले लावला, पण सांगितलं, ‘लॉक मी तोडत नाही. तोडला तर आतलं सगळं पुसून जातं, आणि माणूस गेलेला असला तर मी हात पण लावत नाही. तुम्हाला आठवला तर बघा. आणि बोर्डाला मार बसलाय, महिनाभर चालेल नाहीतर वर्षभर. काय हवं ते दुसऱ्या फोनमध्ये उतरवून घ्या.’ चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला, परवा, फोन माझ्या हातात दिला.

काल दुपारी दुकान बंद करून टेबलाशी बसलो. त्याची जन्मतारीख टाकली, नाही. तुमच्या लग्नाची टाकली, नाही. मग समोर भिंतीवर बघितलं. सहा वर्षांचा असताना तो त्याच टेबलावर पाय हलवत बसायचा आणि एकदा त्याने विचारलं होतं, अप्पा, विकायच्या सगळ्या घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटंच का असतात? मी सांगितलं, काटे असे वर असले की घड्याळ हसतं, आणि हसणारं घड्याळ लोक घेतात. एक, शून्य, एक, शून्य. फोन उघडला. तुमच्या दोघांचा फोटो आला, आपल्या गच्चीवरचा, त्यात तुझे डोळे मिटलेले.

मी लगेच फोनची यादी उघडली. मी अधीर होतो, पोरी, तुझा गुन्हा बघायला. तुझं नाव होतं. अकरा वाजून सोळा, चार मिनिटं. पण ते वरून दुसरं होतं. त्याच्या वर, अकरा वाजून वीस, आलेला आणि उचललेला, दोन मिनिटं अकरा सेकंद. नाव, अप्पा.

मी ते किती वेळ बघत होतो सांगता येत नाही. त्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी काय करत होतो ते मला चांगलं आठवतं, कारण त्यानंतर अर्ध्याच तासाने बाळकुमहून बोलावणं आलं. एक बायकी घड्याळ होतं, त्याचा स्क्रू निसटून टेबलावर पडला होता, आणि तो शोधायला मी छाती टेकवून पार वाकलो होतो. मला खोकला आला नाही. म्हणून त्याने ठेवला नाही. घाबरून गाडी काढली असेल, फोन हेल्मेटात खोचून, दुकानाकडे वळायला. माझ्या खिशातून तो मला हाका मारत होता, अप्पा, अप्पा, आणि मी स्क्रू शोधत होतो. तो सापडलाही.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो, कारण लपवायचं काही उरलेलं नाही. बंटी आज सकाळी आला होता. म्हणाला, मामा, हा फोन कधीही बसेल. मी नवा आणतो, फोटो सगळे त्यात उतरवतो, फोनची यादी काही येत नाही, पण ती कशाला हवी आहे? चहा होईपर्यंत माझ्या मनात आलं की हे किती सोपं आहे. फोटो कांताला मिळतील, यादी जाईल, आणि जन्मभर लोक जे म्हणतात ते म्हणत राहतील. कोणाला कळलं नसतं. तूही सांगितलं नसतंस. हे शेवटचं मनात आलं आणि हातातली कपबशी मला खाली ठेवावी लागली. कारण तुझा फोन संपला आणि माझा सुरू झाला ते एकाच मिनिटाला. बोलता बोलता तो तुला म्हणालाच असणार, ‘अप्पांचा येतोय, ठेवतो.’ ते तू ऐकलेलं आहेस. पहिल्या दिवसापासून तुला ठाऊक आहे. बंटीला मी सांगितलं, नवा आणायचा नाही, हाच राहील, चालेल तितके दिवस. मग कांताला बोलावलं आणि यादी तिच्या हातात दिली. ती माझा शर्ट धरून रडली, आणि म्हणाली, ‘ती पोर अकरा महिने मला रोज एकच विचारते, अप्पा गोळ्या घेतात ना?’

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. घाटावर तू वाकून काय बोललीस, हे मी इतके महिने स्वतःला विचारत होतो आणि स्वतःच उत्तर देत होतो. आज मला ते ऐकू येतं. ‘अप्पांना कधी कळू देणार नाही.’ एवढंच म्हणालीस ना? माझ्या शब्दावर त्याचा जीव अडकला होता आणि तुझ्या शब्दावर तो सुटला. मग त्याच्यासमोर दिलेल्या त्या शब्दासाठी तू तीस माणसांदेखत माझ्या तोंडून कबुली हा शब्द ऐकून घेतलास आणि नवऱ्याचं घर सोडलंस. तुझा शब्द तू मोडला नाहीस, संचिता. माझ्या हट्टाने मोडला. क्षमा माग म्हणून मला कोणी सांगितलं असतं तर मागितली असती, पण हे क्षमेच्या पलीकडचं आहे, आणि तू ‘असू द्या अप्पा’ म्हणशील याचीच मला भीती वाटते. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्याच घाटावर, त्याच माणसांना मी निरोप धाडले आहेत. चारचौघांत दाखवीन म्हणालो होतो, तसं दाखवणार आहे आणि नाव मोठ्याने वाचणार आहे. तू ये असं म्हणायचा हक्क मी घालवून बसलो आहे. पण आलीस तर पिंडासमोर मला पुढे करू नकोस, माझ्यावर कावळ्याचा विश्वास नाही. तू पुढे हो, आणि त्याला सांग की अप्पांना कळलं, आणि कळूनही ते जिवंत आहेत.

तुझाच,
अजून म्हणवून घेऊ देशील तर,
अप्पा